प्राग पाहावं ते पहाटे

प्रागमधला चार्ल्स पूल पाहायचा तर सूर्योदयालाच. १३५७ साली पायाभरणी झालेल्या या पुलावर दुतर्फा मिळून ३० शिल्पं आहेत. दुपारच्या रेटारेटीत ती धड दिसतही नाहीत. इतक्या पहाटे शहराच्या जुन्या चौकातल्या खगोलीय घड्याळाच्या खिडकीत येशूच्या शिष्यांचे पुतळे येत नाहीत, ही तक्रार खरी. पण ती मिरवणूक मिनिटभरात आटोपते, आणि ते पुतळेही मागाहून बसवलेले. खरी करामत १४१० सालच्या तबकडीची. सूर्य कोणत्या राशीत, चंद्राची कला कोणती, हे ती अखंड दाखवते. पंचांगाची सवय असलेल्या मराठी माणसाला ती लवकर उमगेल. पुलावरची बरीच शिल्पं प्रतिकृती आहेत, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या! मूळ शिल्पांपैकी काही प्रागमधल्याच व्हिशेहराड किल्ल्याच्या तटबंदीतल्या दालनात ठेवली आहेत. दुपार तिथे घालवावी.