खऱ्या फरशीचं सभागृह

हॅरी पॉटरची पुस्तकं ज्यांनी वाचलेली नाहीत, त्यांनी लगेच रेडिओ बंद करू नये. ज्या गृहस्थांबरोबर मी हॅरीची शाळा पाहून आले, त्यांनीही त्यातलं एक पान वाचलेलं नव्हतं. ते माझे बाबा. आज ते घरी बसून हे ऐकणार आहेत, त्यामुळे जरा जपूनच बोलते.

बाबा पुण्यात नाटकांचे सेट करायचे. करायचे म्हणजे सुतारकाम. नेपथ्यकाराने कागदावर वाडा काढून द्यायचा आणि बाबांनी तो फळ्या, पट्ट्या, कापड आणि सरस यांतून उभा करायचा. जाहिरातीत नेपथ्यकाराचं नाव असे, बाबांचं नसे. त्याचं त्यांना काही वाटतं का, हे आम्ही कधी विचारलं नाही. दौरा निघाला की ते नाटकाच्या बसबरोबर जायचे. दुपारी सेट लावायचा, रात्री प्रयोग संपला की तासाभरात सगळं मोडून, बांधून गाडीत. नागपूर, अकोला, कोल्हापूर, सांगली. माझ्या लहानपणी बाबा म्हणजे पहाटे तीनला दाराची कडी वाजवणारं माणूस.

त्या रात्री मी हॅरी पॉटर वाचायचे. पहिलं पुस्तक मराठीत वाचलं, ‘हॅरी पॉटर आणि परीस’, वाचनालयातून आणून. पुढची इंग्रजीतून, शब्दकोश उशाशी ठेवून. सातवं आणि शेवटचं पुस्तक २००७च्या जुलैत आलं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, आणि ते संपल्यावर घरातलं कुणी गेल्यासारखी रडले होते. आईने आधी विचारपूस केली, आणि कारण कळल्यावर धपाटा घातला.

बाबांना या प्रकरणात ओढायचा मी एकदाच प्रयत्न केला होता. अकरा वर्षांची असेन. त्यांना म्हटलं, बाबा, त्या शाळेतल्या जेवणाच्या सभागृहाला छतच दिसत नाही, वर पाहिलं की आकाश दिसतं, आणि हवेत मेणबत्त्या तरंगतात. बाबा चहा पीत होते. म्हणाले, “मग पावसाळ्यात ताटात पाणी पडत असेल.” विषय संपला. आठ चित्रपट आले, २००१ ते २०११ या काळात. बाबांनी एकही पाहिला नाही.

२०१८च्या उन्हाळ्यात आम्ही दोघं भावाकडे गेलो. तो लंडनच्या हॅरो भागात राहतो. जिथे हे आठही चित्रपट तयार झाले तो लीव्ह्सडेनचा स्टुडिओ तिथून जवळ. वॉटफर्ड जंक्शनपर्यंत आगगाडी, पुढे पाव तास बस. २०१२पासून तिथले सेट लोकांना पाहायला खुले आहेत. तिकीट मात्र आधीच, ठरलेल्या वेळेचं काढावं लागतं. भावाने तीन तिकिटं काढली, कारण बाबांना एकटं घरी ठेवलं असतं तर त्यांनी त्याच्या स्वयंपाकघरातली कपाटं उतरवून पुन्हा बसवली असती. बिजागऱ्या नीट नाहीत, असं ते पहिल्या दिवसापासून म्हणत होते.

बसमध्ये भावाने त्या जागेचा इतिहास सांगितला. लीव्ह्सडेन हा मुळात विमानतळ आणि विमानांचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात तिथे मॉस्किटो नावाची लढाऊ विमानं बनत. नंतर तिथे विमानांची आणि हेलिकॉप्टरची इंजिनं बनली, तेही बंद पडलं, आणि १९९०च्या दशकात जेम्स बाँडच्या ‘गोल्डनआय’साठी ती रिकामी दालनं चित्रपटवाल्यांनी घेतली. विमानं मावतील एवढ्या उंच, मोकळ्या जागा. सेट लावायला आणखी काय हवं? २०००मध्ये तिथे हॅरी पॉटर आला आणि दहा वर्षं राहिला.

खिडकीबाहेर पाहत बसलेले बाबा एका शब्दावर वळले. मॉस्किटो हे विमान बरंचसं लाकडी होतं. धातूची टंचाई, म्हणून प्लायवूड आणि बाल्साचं हलकं लाकूड यांचे थर चिकटवून त्याचा सांगाडा करत, आणि त्या कामाला फर्निचर करणारे कारागीर लावले होते.

“लाकडाचं विमान? उडायचं?”

“चारशे मैलांच्या आसपास वेगाने, बाबा.”

बाबा गप्प झाले. पण त्यानंतर त्यांनी बिजागऱ्यांचा विषय काढला नाही.

आत गेल्यावर आधी एका छोट्या चित्रपटगृहात बसवतात. चित्रफीत संपते आणि पडदा सरळ वर जातो. मागे भलामोठा लाकडी दरवाजा. हॉगवर्ट्सच्या सभागृहाचा. माझ्या छातीत धडधड सुरू झाली. सव्वीस वर्षांची बाई मी, पण हात गार पडले होते. शेजारून बाबा हळूच म्हणाले, “तिसरी घंटा झाली वाटतं.” एका छोट्या मुलीचा वाढदिवस होता, तिला दार उघडायचा मान मिळाला.

आता हे रेडिओवर तुम्हाला कसं दाखवू? एकशेवीस फूट लांब आणि चाळीस फूट रुंद दालन. दोन्ही बाजूंना लांबच लांब जेवणाची टेबलं, समोर शिक्षकांची जागा, तिथे पुतळ्यांवर त्यांचे कपडे. २०१६ साली गेलेल्या ॲलन रिकमन यांचा काळा झगाही त्यात होता. मी वर पाहिलं. आकाश नव्हतं. मेणबत्त्या नव्हत्या. लोखंडी सांगाडा होता आणि त्यावर टांगलेले दिवे. मला ठाऊक होतं हो. ते आकाश संगणकावर केलेलं आहे, हे कधीचं वाचलं होतं. पहिल्या चित्रपटासाठी खऱ्या मेणबत्त्या तारांना टांगल्या होत्या, ज्योतींच्या उष्णतेने तारा तुटून त्या खाली येऊ लागल्या, मग त्याही संगणकाकडे गेल्या. सगळं माहीत असूनही मान वर करून उभी राहिले तेव्हा घशात काहीतरी अडकलं. इतक्या लांब कशाला आलो, असं वाटून गेलं.

आणि बाबा? बाबा खाली बसले होते. शब्दशः. त्या गर्दीत उकिडवे बसून त्यांनी फरशीवर पंजा टेकवला होता. मग बोटाच्या पेराने ठोकलं. मग दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा ठोकलं.

“अहो बाबा, उठा, लोक बघताहेत.”

“दगड आहे,” ते म्हणाले. “खरा.”

खराच आहे तो. यॉर्कशायरचा दगड. या चित्रपटांचं कलादिग्दर्शन स्टुअर्ट क्रेग यांचं. त्यांनी पहिल्याच चित्रपटाच्या वेळी खर्चाचा विचार बाजूला ठेवून इथे खरी फरशी घातली. पुस्तकं तेव्हा लिहून पूर्णही झाली नव्हती. शेकडो मुलं, कॅमेऱ्याच्या गाड्या, वर्षानुवर्षांची वर्दळ. रंगवलेलं लाकूड टिकलं नसतं. दहा वर्षं ती फरशी तुडवली गेली आणि आता आमच्यासारखे लोक तुडवतात.

बाबा उठले, गुडघे झाडले आणि म्हणाले, “मोडायचं नाही, असं ठरवून बांधलंय.” एवढंच. पण ज्या माणसाने आयुष्यभर जे उभं केलं ते त्याच रात्री मोडलं, त्याच्या तोंडून ते ऐकताना मी वर बघायचं विसरले.

पुढचे तीन-चार तास त्या जागेत कोण कुणाला फिरवत होतं ते सांगणं कठीण आहे. मी सांगायचे, ही मुख्याध्यापकांची खोली. बाबा विचारायचे, ही एवढी पुस्तकं कुठून आणली? भावाने फलक वाचून सांगितलं, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांना कातडी वेष्टनं घातली आहेत. बाबा खूश! त्यांनी एका नाटकातल्या वकिलाच्या कपाटासाठी अगदी हेच केलं होतं. एका जागी खाणावळीचा बोळ आहे, लांबवर गेलेला दिसतो, पण प्रत्यक्षात काही फुटांचाच. पुढची दारं क्रमाने लहान करत नेली आहेत, त्यामुळे डोळा फसतो. मी तिथे फोटो काढत होते, तर बाबा दोन परदेशी पोरांना हातवाऱ्यांनी ती युक्ती समजावून देत होते. मराठीत. पोरांना कळलंही असावं.

अंगणात बटरबिअर मिळते. पुस्तकं वाचताना तिची चव कशी असेल याची मी किती कल्पना केली होती! प्रत्यक्षात ती बटरस्कॉचच्या गोळीचा फेसाळ सोडा निघाली. बाबांनी एक घोट घेऊन भावाकडे सरकवली.

एका जागेबद्दल मात्र नीट सांगायला हवं. मुलांची झोपायची खोली. गोलाकार, लाल पडद्यांचे पलंग. पहिल्या चित्रपटाच्या वेळी नट अकरा-बारा वर्षांचे होते, त्या मापाने पलंग केले. पोरं वाढली, पलंग तेच राहिले. शेवटी शेवटी पाय बाहेर यायला लागले. मग मुलं अंग मुडपून झोपायची आणि कॅमेरा पाय दिसणार नाहीत असा लावायचे.

बाबा पलंगाकडे बघत राहिले. माप घ्यावं तसे वीतभर हात पसरून, मधल्या दोरीच्या अलीकडूनच. म्हणाले, “रोज समोर असून लक्षात आलं नाही यांच्या.” जरा थांबून, “तुला तो अबोली फ्रॉक आणला होता नागपूरहून.”

मला आठवत होता. महिनाभराच्या दौऱ्याहून आणलेला. दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा. डोक्यातूनच गेला नाही, आणि मी तो आईच्या हातात देऊन पुन्हा पुस्तक उघडलं होतं. बाबांच्या तो लक्षात असेल असं कधी वाटलं नव्हतं.

“छान होता,” मी म्हटलं.

“लहान होता,” बाबा म्हणाले, आणि पुढच्या दालनाकडे चालू लागले.

शेवटाकडे आराखड्यांची खोली लागते. भिंतभर नकाशे, आणि प्रत्येक इमारतीची पांढऱ्या पुठ्ठ्याची छोटी मॉडेलं. बहुतेक लोक इथून पाच मिनिटांत निघतात. बाबांनी पाऊण तास घेतला. त्यांना इंग्रजी नीट येत नाही, पण नकाशा वाचता येतो. ही बाजू उघडी ठेवली आहे, इथून कॅमेरा आत जाणार, हा जिना एकच बांधला आहे. सगळं आपलं आपल्याशी.

आणि त्यानंतर हॉगवर्ट्सचं मोठं मॉडेल. मूळ कल्पनेच्या चोविसाव्या हिश्शाचं, तरीही पन्नास फूट रुंद. दूरच्या दृश्यांत जो किल्ला आपण पाहिला तो हाच. कड्यांवर खरी खडी आणि खरी रोपं, खिडक्यांतून अडीच हजार बारीक दिवे. दर काही मिनिटांनी दिवस मावळतो आणि एकेक खिडकी उजळते. ते पाहताना मी रडले. आता नाकारण्यात अर्थ नाही. हे मॉडेल पहिल्यांदा केलं तेव्हा शहाऐंशी माणसं त्यावर राबली. स्टुडिओचा हिशेब असा, की सगळ्यांचे तास एकापुढे एक मांडले तर चौऱ्याहत्तर वर्षं होतील.

बाबांनी विचारलं, “या शहाऐंशी जणांची नावं कुठे आहेत?”

मला उत्तर सुचलं नाही. बाहेर पडायच्या वाटेवर एक शेवटची खोली होती. जादूच्या कांड्यांच्या दुकानासारखी, जमिनीपासून वरपर्यंत लांबट खोक्यांनी भरलेली. मला वाटलं, सजावट. भावाने फलक वाचला आणि थांबला. चार हजारांहून जास्त खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर एक नाव. या चित्रपटांवर काम केलेल्या प्रत्येकाचं. नट, दिग्दर्शक, शिंपी, रंगारी, सुतार.

बाबांनी चष्मा पुसला. इंग्रजी अक्षरं जुळवायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मी वाचून दाखवू लागले. एक नाव, दुसरं, दहावं. बरीचशी मलाही नवीनच.

“यातला सुतार कोण?”

“ते कळत नाही, बाबा. नुसती नावं आहेत.”

“नट कुठला?”

“तेही नाही. असेच मध्येमध्ये आहेत.”

“वाच पुढे,” बाबा म्हणाले.

मी वाचत राहिले. भाऊ घड्याळ दाखवत होता, परतीची बस निघायची वेळ झाली होती. खालच्या ओळी संपल्या तेव्हा बाबांनी वरच्या ओळींकडे बोट केलं. तिथपर्यंत माझी नजर पोचेना, मग भावाने टाचा उंच करून वाचायला सुरुवात केली. ती बस आमची चुकली. पुढची वीस-एक मिनिटांनी होती, आणि बाहेर बऱ्यापैकी पाऊस लागला होता.