मौनाचा पराक्रम

रणांगणावर पडलेल्या वीरांचे पोवाडे होतात, स्मारके उभी राहतात. दुसऱ्या महायुद्धातील एक मोठी लढाई मात्र कागद, पेन्सिल आणि बुद्धी यांच्या बळावर लढली गेली. आणि ती लढणाऱ्यांना विजयानंतरही सुमारे तीस वर्षे तिचा उच्चार करण्याची मुभा नव्हती.

लंडनपासून सुमारे ८० किलोमीटरांवर ब्लेचली हे गाव आहे. तेथील एका हवेलीत आणि तिच्या आवारातील लाकडी बराकींत ही लढाई चालली. प्रतिपक्षी होते एनिग्मा नावाचे जर्मन यंत्र. दिसावयास ते टंकलेखन यंत्रासारखे. एक अक्षर दाबावे, तर भलत्याच अक्षराचा दिवा लागे. तेच अक्षर पुन्हा दाबावे, तर बहुधा आणखी निराळा. कारण प्रत्येक वेळी आतील चक्र एक घर पुढे सरके. यंत्राची मांडणी किती प्रकारांनी करता येई, हे लिहिण्यास १५९ या आकड्यापुढे १८ शून्ये मांडावी लागतात. आणि ही मांडणी रोज बदलत असे.

या तटाला पहिले खिंडार पाडले ते मारिअन रेयेव्स्की या तरुण पोलिश गणितज्ञाने, १९३२ साली. १९३९ च्या जुलैत, स्वदेशावरील आक्रमणास जेमतेम पाच आठवडे उरले असता, पोलंडने आपले हे सारे ज्ञान ब्रिटन व फ्रान्स यांच्या हवाली केले. पुढे ब्लेचलीत अ‍ॅलन ट्यूरिंग आणि गॉर्डन वेल्चमन यांनी त्यावर कळस चढविला. एनिग्मात एक उणीव होती: कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी उमटत नसे. शिवाय यंत्र कितीही चतुर असले, तरी ते चालविणारा माणूस सवयीचा दास. हवामानाचे वृत्त रोज ठराविक शब्दांत धाडले जाई. असा एखादा शब्द संदेशात कोठे असावा, याचा अदमास बांधून ‘बॉम्ब’ नावाचे अजस्र यंत्र त्या दिवसाची मांडणी शोधून काढी.

तथापि १९४२ च्या फेब्रुवारीत जर्मन पाणबुड्यांनी आपल्या यंत्रात चौथे चक्र बसविले, आणि ब्लेचलीत जवळजवळ दहा महिने अंधार पसरला. अटलांटिकमध्ये जहाजांमागून जहाजे बुडत होती. ३० ऑक्टोबरच्या रात्री भूमध्य समुद्रात एक जायबंदी पाणबुडी बुडू लागली असता, लेफ्टनंट अँथनी फॅसन आणि खलाशी कॉलिन ग्रेझियर हे दोघे तिच्या पोटात उतरले. त्यांनी सांकेतिक पुस्तके वर दिली. टॉमी ब्राउन या किशोरवयीन मुलाने ती झेलली. मुलगा वाचला, ते दोघे पाणबुडीबरोबर तळाला गेले. त्या पुस्तकांच्या आधारे डिसेंबरात अंधार फिटला. दोघांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस मिळाला. परंतु त्या कागदांचे मोल कोणालाही सांगण्यात आले नाही.

युद्धाच्या अखेरीस ब्लेचलीत सुमारे ९,००० माणसे राबत होती. त्यांत तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. या कार्याची एक शाखा दिल्लीतही होती. आनंद पर्वतावर, रामजस महाविद्यालयाच्या वास्तूत, जपानी संदेशांची उकल चाले. सर्वांना दंडक एकच: शेजारच्या खोलीत काय चालते हे विचारू नये, आपल्या खोलीत काय चालते हे सांगू नये.

युद्ध संपले, पण दंडक संपला नाही. टॉमी फ्लॉवर्स या टपाल खात्यातील अभियंत्याने दुसऱ्या एका जर्मन संकेतासाठी ‘कलोसस’ हे विद्युत-गणकयंत्र उभारले होते. त्याचे आराखडे त्यांना आज्ञेनुसार स्वतःच्या हातांनी जाळावे लागले. ट्यूरिंग १९५४ मध्येच निवर्तले. १९७४ साली विंटरबॉथम यांच्या पुस्तकाने हे रहस्य जगजाहीर झाले, तेव्हा कित्येकींचे आईवडील आपली लेक युद्धात ‘कारकुनी’ करीत होती, एवढ्याच समजुतीवर जग सोडून गेले होते.