मंदिर झाले, आता वाट सांभाळू या

(जीर्णोद्धार समारंभात एका सेवानिवृत्त एस.टी. वाहकाने केलेले भाषण)



ग्रामदेवतेच्या कृपेने आणि आपणा सर्वांच्या हातभाराने हे काम तडीस गेले. त्याबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मी जन्मभर एस.टी.त तिकिटे फाडली. म्हणून मी गाडी, रस्ता आणि माणसे यांविषयीच चार शब्द बोलतो. कळस चढला, पण रोज सांजवात लावायला गावात माणूस राहिला पाहिजे.

राज्यात पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, सुटली. यथावकाश ती आपल्या कोकणातही आली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. तरी माणसे कमीच झाली. २००१ च्या जनगणनेत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, ती २०११ साली १६,१५,०६९ वर आली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. कर्ता पुरुष मुंबईला, आणि घर सांभाळायला बाईमाणूस व म्हातारी.

या आकड्यांवर आपला रस्ता अवलंबून आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मैदानी भागासाठी ५०० लोकवस्तीची अट आहे. डोंगरी राज्ये व आदिवासी भाग यांना २५० ची सवलत. २०२४ साली मंजूर झालेला तिचा चौथा टप्पाही २०११ च्याच आकड्यांवर चालतो, कारण २०२१ ची जनगणना झाली नाही. आता ती २०२७ ची ठरली आहे. त्या वेळी जो आकडा कागदावर येईल, तो कित्येक वर्षे आपल्या मागे राहील. खोटी नावे कोणी घालू नयेत. मुंबईकराची गणती मुंबईतच व्हावी. पण जी आई बारा महिने इथे राहते, तिला नेमके त्याच दिवसांत मुलाने मुंबईला नेऊ नये. रानाकडेला असलेले एकही घर सुटू नये, हे गावातल्या तरुणांनी पाहावे.

दुसरे, आपली वस्तीची गाडी. आगारात प्रत्येक फेरीचे भारमान पाहतात. गाडी रिकामी जाऊ लागली की आधी फेरी कमी होते, मग बंद होते. मग पहाटे दवाखान्याला निघालेल्या म्हातारीने काय करावे? हायस्कुलाच्या मुलींनी कसे जावे? महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. मोफत असले तरी तिकीट मागून घ्या. यंत्रात नोंद झाली तरच तुम्ही गाडीत बसलात असे आगाराला कळते. वडापवाला आपलाच आहे, त्याच्या पोटावर पाय देऊ नका, पण एस.टी.च्या वेळेला एस.टी.त बसा.

तिसरे मागणे मुंबईकरांकडे. ग्रामसडक योजनेत जमीन विकत घेण्यासाठी पैसा नसतो. जमीन गावाने मिळवून द्यावी लागते. आपले सातबारे सामाईक. एका तुकड्यावर दहा-पंधरा नावे, निम्मी मुंबईत. एक सही राहिली की कागद तिथेच अडतो. देवळासाठी तुम्ही न मागता पैसे दिलेत. रस्त्यासाठी पैसे नकोत, बांधालगतची हातभर जमीन आणि सही द्या. आज सगळे भाऊबंद एका मांडवात आहेत. जेवणे झाल्यावर घरी बसून एवढे बोलून घ्या. असा योग पुन्हा लवकर येणार नाही.

पुढल्या शिमग्याला पालखी खालच्या वाडीत जाईल तेव्हा ती चांगल्या रस्त्याने जावो, आणि खांदा द्यायला गावातलीच पोरे असोत, एवढे देवीपाशी मागून मी आपली रजा घेतो.