दशक कोणता, समास कोणता?

(मारुती मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या सप्ताहात एका निवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



कलशारोहणाच्या या मंगल दिवशी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मी विद्वान नाही. तेव्हा उपदेश न करता माझ्या हातून घडलेली एक चूकच आपल्यापुढे ठेवतो.

आपला हा घनसावंगी तालुका म्हणजे समर्थांची जन्मभूमी. शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ च्या रामनवमीला जांब गावी समर्थ जन्मले. त्यामुळे आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडी समर्थांचे वचन असते. ते कोठले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

जीर्णोद्धाराच्या कामात मधल्या काळात दोन तट पडले होते, हे आपण जाणताच. निवडणुकीतली तेढ देवळाच्या ओट्यावर आली. त्या बैठकीत आमच्या बाजूने बोलताना मी ठासून म्हणालो, “राजकारण करा असे समर्थांनीच सांगितले आहे!” आमच्या बाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या एका गृहस्थाने वर्गणीची पावती ओट्यावर ठेवली आणि तो मुकाट्याने निघून गेला. गिलाव्याचे काम आठ दिवस बंद पडले.

त्याच बैठकीत रोज पोथी वाचणाऱ्या एक आजीबाई होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, दशक कोणता, समास कोणता?” मला सांगता येईना. आयुष्यभर मुलांना ‘संदर्भासहित स्पष्टीकरण’ शिकवले आणि स्वतःच नापास झालो!

घरी जाऊन दासबोध उघडला. वीस दशक, दर दशकात दहा समास, म्हणजे दोनशे समास; ओव्या साडेसात हजारांच्या वर. पण समर्थांनी ग्रंथाची मांडणीच अशी केली आहे की शोधणाऱ्याला वाट सापडते. चौथा दशक घ्या. नवविधा भक्तीतील पहिली भक्ती श्रवण, ती पहिल्या समासात. दुसरी कीर्तन, ती दुसऱ्यात. नववी आत्मनिवेदन, ती नवव्यात. अनुक्रमणिका पाहिली, तेव्हा ‘राजकारण’ नावाचे दोन समास निघाले : अकराव्या दशकातला पाचवा आणि एकोणिसाव्यातला नववा. माझे वचन अकराव्यात होते, चौथ्या ओवीत.

आणि काय आढळले? त्या ओवीत पहिले स्थान हरिकथेला आहे. राजकारण दुसरे, सावधपण तिसरे. मी मधलेच तेवढे उचलले होते! पुढच्याच ओवीत, कोणाचा अन्याय थोर असो की अल्प, क्षमा करीत जावे असे सांगितले आहे. त्यापुढे दुसऱ्याचे अंतःकरण जाणावे, नीतिन्याय सोडू नये असे आहे. आणखी खाली गेल्यावर परपीडेकडे मन जाऊ देऊ नये असा इशारा आहे. ज्या समासाचा आधार घेऊन मी माणूस दुखावला, तोच समास मला दोषी ठरवीत होता.

मंडळी, शब्दही जुने असतात, त्यांचे अर्थ बदलतात. समर्थांचे राजकारण म्हणजे माणसे ओळखून, सांभाळून, समुदाय चालविण्याचे चातुर्य. मतांची बेरीज नव्हे. ‘उपाधी’ म्हटले की आज पदवी आठवते. ग्रंथात तो शब्द पाठीमागे लागलेल्या व्यापासाठी येतो. आजचा अर्थ जुन्या ओवीला चिकटवला की घोटाळा होतो.

वचन कोणाचे, हेही पाहावे लागते. साडेतीन चरणांची ओवी आणि भुजंगप्रयात वृत्तातले मनाचे श्लोक यांची चालच निराळी. कानाला ती कळते. तुकोबांच्या गाथेत अभंगांचे क्रमांक प्रतीप्रतीत बदलतात. म्हणून क्रमांकाबरोबर अभंगाचे पहिले शब्द टिपून ठेवावेत आणि प्रत कोणती तेही लिहावे. आपल्या शेजारच्या पैठणच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीच्या निरनिराळ्या प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला. माउलींच्या ग्रंथाबद्दल एवढी काळजी नाथांना वाटली, तर आपण ऐकीव वचनावर भांडावे काय?

दुसऱ्या दिवशी पोथी घेऊन त्या गृहस्थाच्या घरी गेलो. बैठकीतले माझे बोलणे चुकले, हे आधी कबूल केले. मग तो समास पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचला. त्यांनी ऐकून घेतले. चहा झाला. निघताना ते म्हणाले, “गुरुजी, हे सगळं त्या दिवशी वाचलं असतं तर?” मला उत्तर नव्हते. पण दोन दिवसांनी ते पाटी-फावडे घेऊन देवळात आले, आणि आज कलशाच्या दोराला त्यांचाही हात लागला.

माझी विनंती एवढीच. या नव्या सभामंडपात पोथीबरोबर एक वही असावी. कोणी वचन सांगितले की ते दशक-समासासह, अध्याय-ओवीसह तीत लिहावे, आणि त्याच्या मागच्या-पुढच्या चार ओव्या वाचल्याशिवाय ते कोणावर फेकू नये. भिंती आपण नव्या केल्या. वाचण्याची ही जुनी शिस्तही पुन्हा उभी राहावी.



जय जय रघुवीर समर्थ!