मेक्सिकोच्या शेवया, आपल्या चुलीवर



गटांच्या बैठकांमध्ये हल्ली एक तक्रार वरचेवर ऐकू येते. मुली मोबाईलवर बघतात आणि ‘आई, मेक्सिकन पास्ता कर’ म्हणून मागे लागतात. पास्त्याचं पाकीट, सॉसची बाटली, चीज घ्यायचं म्हटलं, तर मजुरीचा चांगलाच हिस्सा एका ताटात जातो. म्हणून आज आम्ही मेक्सिकोतल्या घरांत नेहमी होणारा पदार्थ सांगणार आहोत. ऐकून हसाल. त्या बायका शेवया करतात!

त्यांच्या शेवयांना म्हणतात फिदेओ. काडीएवढ्या लांबीच्या, गव्हाच्या. गहू तिकडे स्पॅनिश लोकांनी नेला. टोमॅटो आणि मिरची मात्र मूळची तिथलीच. ‘टोमॅटो’ हा शब्दसुद्धा तिथल्या नाहुआत्ल भाषेतून आलेला. तीच मिरची पुढे पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली आणि आपण तिचा ठेचा केला. फिदेओ पातळ केलं तर ते सूप. कोरडं केलं तर त्याला तिकडे ‘कोरडं सूप’ म्हणतात, हे आम्हाला फार आवडलं.

आज कोरडं करू. चार माणसांना 200 ग्रॅम शेवया घ्या, बोटाच्या पेराएवढ्या मोडा. चार पिकलेले टोमॅटो, एक कांदा, लसणाच्या तीन पाकळ्या आणि गरम पाण्यात भिजवलेल्या दोन सुक्या लाल मिरच्या एकत्र वाटा. तिकडे धुरावर सुकवलेली मिरची घालतात. आपण मिरच्या भिजवण्याआधी निखाऱ्यावर जराशा भाजल्या, तर तसा वास थोडा येतो.

आता मुख्य काम. कढईत तीन चमचे तेल तापवून मंद आचेवर शेवया परता. शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग आला पाहिजे. इथे हात थांबवू नका, कारण करपायला वेळ लागत नाही. दुकानातून भाजलेल्या शेवया आणल्या असतील तरी तेलात परतायच्याच, सगळी चव तिथे आहे. मग वाटण ओता. तडतडेल, जरा लांब उभ्या राहा. कच्चा वास गेला की मीठ, चिमूटभर जिरेपूड आणि दोन कप गरम पाणी घाला. झाकण ठेवा आणि ढवळू नका, शेवया तुटतात. जाड शेवयांना आठ-दहा मिनिटं, हातच्या बारीक शेवयांना निम्मा वेळ आणि पाणीही कमी.

वरून ते लोक ताजं चीज कुस्करून घालतात, आंबटसर साय सोडतात, लिंबू पिळतात. घरचं पनीर, विरजण लावलेली साय, कोथिंबीर असली की झालं. नसलं तर नुसतं लिंबू.

‘हा तर शेवयांचा उपमा!’ असं कुणी म्हणेल. नाही हो. यात मोहरी-कढीपत्ता नाही, हळद नाही, आणि शेवया टोमॅटोचा रस पिऊन शिजतात. सवयीने फोडणी घातलीत तर उपमाच होईल.

आता शेवया विकणाऱ्या गटांसाठी. उन्हाळ्यात केलेला माल खिरीपुरता विकला जातो आणि उरलेले डबे पावसाळ्यात दमट होतात. या पदार्थाला खपली किंवा बन्सी गव्हाच्या शेवया बऱ्या, शिजून लगदा होत नाहीत. मैद्याच्या होतात. तेव्हा जरा जाड काढा, मोडून पाव किलोची पाकिटं भरा आणि गहू कोणता ते वर लिहा. कृतीची चिठ्ठी आत टाका. भाव मात्र ‘मेक्सिकन’ नाव लावून चढवू नका, गिऱ्हाईक आपल्याच गावचं आहे. गुरुवारच्या बाजारात आधी दहाच पाकिटं न्या. सोबत झाकणाच्या डब्यात शिजवलेलं थोडं चाखायला ठेवा, आणि लिंबू आठवणीने घ्या.