राहिलेली दहावी
(साक्षरता वर्गाच्या समारोपाला मारुतीच्या देवळापुढे केलेले भाषण)



आज तुम्ही प्रत्येकाने फळ्यावर आपापले नाव लिहिले. कुणाचा हात कापला, कुणाची वेलांटी चुकली. पण नाव लिहिले. अंगठा गेला, सही आली. वाचनाला 50, लेखनाला 50 आणि आकडेमोडीला 50, अशी 150 गुणांची परीक्षा तुम्ही दिलीत. सगळ्या गावाला याचा आनंद आहे.

पण आज आम्ही नुसते कौतुक करायला उभे राहिलेलो नाही. एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. तो आमचा नाही, याच वर्गात आम्हाला विचारला गेलेला आहे.

एक ताई रोज सासूबाईंना वर्गाला घेऊन यायच्या आणि ओट्यावर बसून राहायच्या. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आत्याबाई तर शिकल्या. पण माझं काय? मी आठवी शिकलेली. मला अ आ ई नको. मला दहावी पाहिजे. त्याचा वर्ग कुठं भरतो?"

आम्ही गप्प बसलो. कारण तसा वर्ग आसपास कुठेच भरत नव्हता.

ताईंचे माहेर पाथर्डीकडचे. दसरा झाला की आईवडील उचल घेऊन टोळीबरोबर ऊस तोडायला जायचे. ते थेट उन्हाळा लागल्यावर परत यायचे. ताई आजीजवळ राहून शाळा शिकायच्या. आठवीत होत्या तेव्हा आजी अंथरुणाला खिळली. धाकटी भावंडे घरात. शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न झाले, दोन लेकरे झाली. मग गावात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. काम ताईंना येण्यासारखे. पण जागेला दहावी पास लागत होते. 2023 पासून तर त्या जागेला बारावी लागते. म्हणजे ताई कुंपणाजवळ पोहोचेपर्यंत कुंपणच उंच झाले!

आपल्या जिल्ह्याचे नाव साखरेमुळे लांबवर गेले. लोणीजवळ विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना एकत्र करून 1950 च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मंडळी, ज्या घरांनी ऊस तोडला, त्या घरांतल्या किती मुलामुलींची दहावी फडातच राहिली, याचाही हिशेब कधीतरी मांडला पाहिजे.

कुणी म्हणेल, दहावी नसली म्हणून काय बिघडते? तर ऐका. पोलीस पाटील व्हायचे तर दहावी पास लागते. 1 जानेवारी 1995 नंतर जन्मलेल्याला ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर सातवी पास लागते. नर्सिंगच्या शिक्षणाला बारावी लागते. अंगठ्याची सही झाली तेव्हा एक दार उघडले. पण पुढच्या दाराची चावी दहावी आहे.

आता हिशेब करू. आकडेमोड तुम्हाला येते, म्हणून करू.

लहान मुलाचा खर्च कोण करते? सरकार करते. शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. 6 ते 14 वर्षांच्या मुलाला शाळेत फुकट शिकण्याचा हक्क मिळाला.

निरक्षर प्रौढाचा खर्च? त्यासाठीही सरकारने पैसा ठेवला. 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम आखला. त्यालाच 'उल्लास' म्हणतात. त्याला 1037 कोटी 90 लाख रुपये मंजूर झाले. त्यातले 700 कोटी केंद्राचे, बाकीचे राज्यांचे. पाच वर्षांत 5 कोटी लोकांना शिकवायचे ठरले. आता भागाकार करा. माणशी किती पडले? 207 रुपये आणि वर काही पैसे. शिकवणारा स्वयंसेवक पगार घेत नाही, म्हणून इतक्यात भागते.

या कार्यक्रमाच्या कागदावर दहावीसुद्धा आहे, बरे का! अक्षरओळख झाल्यावर पुढे पाचवी, आठवी, दहावी इतके शिक्षण प्रौढांना द्यावे, असे त्यात लिहिले आहे. पण माणशी 207 रुपयांत दहावीचे गणित, इंग्रजी आणि विज्ञान कसे बसणार? पिठाचा डबा वाटीभर, आणि पंगत गावाची!

आणखी एक तरतूद आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळा सुटलेल्या, वंचित घरांतल्या 16 ते 19 वर्षांच्या मुलांसाठी मदत ठेवली आहे. मुक्त विद्यालयातून दहावी-बारावी करायला वर्षाला 2000 रुपयांपर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण आमच्या ताईंचे वय 29. त्यांनी कुठे जावे?

शहरात निदान रात्रशाळा असते. आपल्या नगर शहरात हिंद सेवा मंडळाचे भाई सथ्था नाईट हायस्कूल आहे. दिवसा दुकानात, हॉटेलात, कारखान्यात राबणारी माणसे संध्याकाळी तिथे बाकावर बसतात. राज्यातल्या रात्रशाळांना सरकार शिक्षकांच्या पगारासाठी अनुदान देत आले आहे. पण अशा शाळा बहुतेक मुंबईत आहेत. खेड्यातली बाई संध्याकाळी धार काढून, भाकरी थापून, एसटीने नगरला जाऊन रात्री परत कशी येणार?

म्हणजे बघा. लहान मुलासाठी पैसा आहे. अक्षरओळखीसाठी थोडा पैसा आहे. शहरातल्या कामगारासाठी रात्रशाळा आहे. खेड्यातल्या मोठ्या माणसाच्या दहावीसाठी मात्र ज्याने त्याने आपली गाठ सोडायची. शिडीला पहिली पायरी आहे, वरची आहे, मधल्या पायऱ्या गळालेल्या आहेत.

पूर्वी असे नव्हते का? एक गोष्ट सांगतो.

आंध्रातल्या राजमहेंद्रीला 1909 साली एक मुलगी जन्मली. तिचे नाव दुर्गाबाई. बारा वर्षांची असताना तिने शाळा सोडली. शाळेत सगळे इंग्रजीतून शिकवतात, हे तिला पटले नाही. पुढे ती स्वातंत्र्याच्या लढ्यात पडली, तुरुंगात गेली. विशी उलटल्यावर घरी अभ्यास करून तिने बनारस विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा दिली. मग बी. ए. झाली, एम. ए. झाली, वकील झाली. देशाची घटना लिहिणाऱ्या सभेत ती बसली. 1953 साली तिचे लग्न आपल्या महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख यांच्याशी झाले. ते तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते.

त्याच साली सरकारने समाजकल्याण मंडळ नेमले. दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. खेडोपाडी परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका हव्या होत्या. पण तेवढ्या शिकलेल्या बायाच मिळेनात. दुर्गाबाईंना स्वतःची सुटलेली शाळा आठवली असेल. 1958 साली मंडळाने मोठ्या वयाच्या स्त्रियांसाठी दोन वर्षांचे वर्ग सुरू केले. शाळा सुटलेल्या बायांनी यावे, दोन वर्षांत मॅट्रिकपर्यंतचा अभ्यास पुरा करावा. वर्ग चालवायचे सेवाभावी संस्थांनी, अनुदान द्यायचे सरकारी मंडळाने. देशभरातल्या कितीतरी विधवा, परित्यक्ता, गरीब बाया या वर्गांतून शिकून नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या. 2022 साली ते मंडळच सरकारने बंद केले.

आपल्या महाराष्ट्रानेही मोठे काम केले होते. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. पुढे ती राज्यभर पसरली. गावेच्या गावे साक्षर झाली, देवापुढे शपथा झाल्या, गुलाल उधळला. पण पुढच्या शिक्षणाची सोय पुरेशी झाली नाही. पुष्कळजण शिकलेले विसरले. विहीर खणली आणि मोट बसवली नाही, तर पाणी शेताला कसे जाणार?

परदेशात काय करतात? स्वीडन नावाचा देश आहे. तिथे 1968 सालापासून मोठ्या माणसांच्या शाळा गावोगावच्या नगरपालिका चालवतात. चाळिशीच्या माणसालाही राहिलेली शाळा फी न भरता पुरी करता येते. तो देश श्रीमंत आहे, खरे. पण दुर्गाबाईंचे वर्ग निघाले तेव्हा आपला देश आजच्यापेक्षा पुष्कळ गरीब होता. आणि स्वीडनच्या दहा वर्षे आधी आपण ते सुरू केले होते! तेव्हा नुसत्या गरिबीची सबब पुरी पडत नाही.

कुणी म्हणेल, "आता वय झालं, शिकून काय करायचं?" सावित्रीबाई फुले लग्न झाल्यावर अक्षर शिकल्या. शिक्षिका होण्याचे शिक्षण त्यांनी याच नगरात, मिस फॅरार बाईंकडे घेतले. वयाची लाज नगरच्या मातीत नाही.

आता आपण काय करायचे?

पहिले काम. आज जी वाट आहे, ती माहीत करून घ्यायची. पाचवी पास झालेला माणूस सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी अभ्यास करू शकतो आणि दहावीला बसू शकतो. वरच्या वयाची अट नाही. पावसाळा सुरू झाला की जवळच्या हायस्कुलात विचारत राहायचे. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो जपून ठेवायचे. आपला जिल्हा परीक्षा मंडळाच्या पुणे विभागात येतो. ज्याने शाळेचे तोंडच पाहिले नाही, त्याच्यासाठी राज्याचे मुक्त विद्यालय मंडळ आहे. तिथे पाचवीच्या पातळीपासून पायरी पायरीने चढता येते.

दुसरे काम. फीचा प्रश्न ग्रामसभेत न्यायचा. सतरा नंबरच्या फॉर्मला अलीकडच्या वर्षांत नुसत्या नोंदणीलाच हजार-अकराशे रुपये पडत आले आहेत. परीक्षेची फी निराळी, पुस्तके निराळी. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर आणि 15 टक्के मागासवर्गीयांवर खर्च करायचे असतात. तो पैसा दरवर्षी कशावर जातो, ते विचारा. महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी होते. तिथे ठराव मांडा, की दहावीला बसणाऱ्या बायांची फी यातून भरता येईल का ते पाहावे. ग्रामपंचायतीकडे लेखी उत्तर मागा. आता तुम्हाला ते वाचता येईल!

तिसरे काम. वरपर्यंत मागणी न्यायची. एका गावाच्या 10 टक्क्यांत किती बायांची फी निघणार? खेड्यातल्या मोठ्या माणसाच्या दहावीचा खर्च राज्याच्या अंदाजपत्रकात आला पाहिजे. शाळेची इमारत संध्याकाळी रिकामीच असते. तिथे दोन तास वर्ग, शिकवणाऱ्याला मानधन, आणि शिकणाऱ्याची फी माफ. एवढेच मागायचे आहे. ही भीक नव्हे. चौदा वर्षांच्या आत ज्याची शाळा सुटली, त्याचा थोडा हिस्सा सरकारकडे बाकी आहे. तो त्याला मिळावा.

आता ताईंचे काय झाले ते सांगतो आणि थांबतो.

ताईंनी फॉर्म भरला. पैसे बचत गटातून उचलले आणि कांदे काढणीची मजुरी करून फेडले. रात्री लेकरे निजली की अभ्यास करायच्या. मराठी, हिंदी, विज्ञान, समाजशास्त्र निघाले. गणित आणि इंग्रजी राहिले. निकालाच्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या नाहीत. आम्हीच त्यांच्या घरी गेलो. चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, समजावून सांगणारं कोणी असतं तर निघालं असतं. आता परत बसायचं तर परत फी."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. ज्यांनी आज फळ्यावर पहिल्यांदा नाव लिहिले, त्याच या आजी. फडताळातून त्यांनी डबा काढला, पैसे मोजले. मोजताना चुकल्या नाहीत. सुनेच्या हातात देऊन म्हणाल्या, "तू मला वर्गाला नेलंस. आता तू बस. म्हशीचं मी बघते."

ताई पुरवणी परीक्षेला बसणार आहेत. गणित शिकवायला हायस्कुलातले एक सर आठवड्यातून दोनदा येतो म्हणाले आहेत. एका घरात जे आजीने केले, ते सगळ्या गावासाठी ग्रामपंचायतीने आणि सरकारने करावे, एवढेच आमचे मागणे आहे.

पुढच्या ग्रामसभेला आम्ही येणार. तुम्हीही या. या वेळी हजेरीच्या वहीत अंगठा उठवायचा नाही. सही करायची, आणि मग प्रश्न विचारायचा.