प्रकाश टिपणारा डोळा
(चऱ्होली येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



सुमारे हजार वर्षांपूर्वी, बसरा येथे जन्मलेल्या इब्न अल-हैसम या विद्वानाने 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात एक जुना समज खोडून काढला. डोळ्यातून किरण निघतात व वस्तूला भिडतात, म्हणून आपल्याला दिसते, असे पूर्वीचे अनेक पंडित मानत. त्याने सिद्ध केले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो. डोळा पाठवणारा नसून घेणारा आहे. आज मला अशाच एका घेणाऱ्याची ओळख करून द्यायची आहे.

काचेच्या तंतूतून बोलणे पाठवण्याचा देशातील पहिला मार्ग १९७९ साली आपल्या पुण्यातच, टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी सुरू झाला. इंद्रायणीकाठची चऱ्होली १९९७ साली महापालिकेत आली. आता तोच तंतू इथल्या इमारतींत घरापर्यंत पोहोचतो. त्याच्या टोकाला भिंतीवर जी लहान पेटी असते, तिच्यात प्रकाश टिपणारा कृत्रिम डोळा बसवलेला असतो. त्याला फोटोडायोड म्हणतात.

त्याचे काम समजायला सोपे आहे. प्रकाश पडला की त्यातून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. प्रवर्धक तो वाढवतो. पुढचे मंडल ठरावीक क्षणाला विचारते, आता प्रकाश होता की नव्हता? होता तर एक, नव्हता तर शून्य. घरगुती जोडणीत हा निवाडा सेकंदाला सुमारे अडीच अब्ज वेळा होतो!

आता प्रकाश किती क्षीण असतो ते पाहा. एका तंतूवरून बत्तीस घरे जोडायची तर प्रकाश पाच वेळा अर्धा करावा लागतो. शिवाय अंतरामुळे व सांध्यांमुळे घट होते ती वेगळी. एक मिलिवॅट प्रकाश नऊ वेळा अर्धा केला, तर सुमारे दोन मायक्रोवॅट उरतो. तंत्रज्ञ याला उणे सत्तावीस डीबीएम म्हणतात. चांगला ग्राहक एवढ्यावरही संदेश वाचतो. प्रकाश त्याहून कमी झाला, तर ग्राहकाच्या स्वतःच्या विद्युत-गोंगाटात संदेश हरवतो व चुका होऊ लागतात. उलट प्रकाश फार झाला, तरी डोळा दिपतो.

पेटीवर लाल दिवा लागला की आपण पेटीला दोष देतो. पुष्कळदा दोष निघतो दुमडलेल्या तंतूचा किंवा जोडाच्या टोकावरील धुळीचा. मीटर लावून आकडा वाचणारा हे काही मिनिटांत ओळखतो. न मोजणारा पेटी बदलत बसतो. एक ताकीद मात्र लक्षात ठेवा. हा प्रकाश अवरक्त असतो, तो दिसत नाही. म्हणून तंतूच्या टोकात डोळा लावून कधीही पाहू नका.

पालकहो, माझे खरे सांगणे पुढेच आहे. तंतू ओढायला ताकद लागते. आकडा वाचायला तालीम लागते. डीबीएम म्हणजे शाळेतले लॉगॅरिदमच. फोटोडायोड बारावीच्या भौतिकशास्त्रात शिकवला जातो. "हे गणित कुठे उपयोगी पडणार?" असे मुलाने विचारले, तर त्याला भिंतीवरची पेटी दाखवा. चार पैसे लवकर मिळतात म्हणून दहावीनंतर त्याला केबल ओढायला धाडू नका. आधी आयटीआय किंवा पदविका पुरी करू द्या. हुन्नर आणि हिशेब दोन्ही हाती येतील. मुलीचे शिक्षणही थांबवू नका. मीटर, सूक्ष्मदर्शक आणि स्थिर हात यांचे हे काम तिला उत्तम जमेल.

विद्यार्थी मित्रांनो, प्रकाश दारापर्यंत येणे पुरेसे नाही. तो टिपणारा तयार असावा लागतो. इल्मचेही तसेच आहे. शाळा प्रकाश पाठवील. तुमची काच स्वच्छ ठेवणे तुमच्या हाती आहे.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.